कुत्र्यांना टीव्हीवर काय बघायला आवडतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टीव्हीवर भुंकणारा, टीव्हीमागे जाऊन हुंगणारा आणि टीव्हीकडे ढुंकूनही न बघणारा, असे तिन्ही कुत्रे अगदी नॉर्मल असतात. फरक कशामुळे पडतो, कुठला कार्यक्रम कुणाला लावावा, स्क्रीन कुठे ठेवावी आणि गोष्ट हाताबाहेर जाऊ लागली तर काय करावं, ते खाली प्रश्नांच्या क्रमाने दिलं आहे.

कुत्र्याला टीव्हीवरचं चित्र खरोखर दिसतं का?

दिसतं. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर मात्र नीट दिसत नसे. तो पडदा सेकंदाला ५० किंवा ६० वेळा उजळायचा आणि विझायचा. माणसाच्या डोळ्याला साधारण ५० ते ६० हर्ट्झच्या पुढची लुकलुक जाणवत नाही, त्यामुळे आपल्याला ते चित्र सलग वाटायचं. कुत्र्याच्या डोळ्याची हीच मर्यादा ७० ते ८० हर्ट्झच्या आसपास आहे, म्हणजे त्याच्यासमोर एक लुकलुकणारा डबा असायचा. शिवाय त्या टीव्हीतून १५ हजार हर्ट्झच्या वर एक बारीक शिट्टी सतत चालू असे. वय झालेल्या माणसांना ती ऐकू येत नसे, पण कुत्र्याला स्पष्ट ऐकू यायची.

आजच्या एलसीडी आणि एलईडी टीव्हीत मागचा दिवा कायम पेटलेला असतो किंवा इतक्या वेगाने चालू-बंद होतो की कुत्र्यालाही तो सलगच दिसतो. ‘पूर्वीचा कुत्रा टीव्हीकडे बघतही नव्हता, हा मात्र बघत बसतो’ असं जुन्या घरांत ऐकू येतं, त्यामागे टीव्ही बदलला हे मोठं कारण असू शकतं.

त्याला रंग दिसतात की सगळं काळं-पांढरं?

रंग दिसतात, पण आपल्यापेक्षा कमी. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी असतात, कुत्र्याच्या डोळ्यांत दोन. एक निळ्या-जांभळ्याला आणि दुसरी पिवळ्या-हिरव्याला प्रतिसाद देते. त्यामुळे निळा आणि पिवळा हे त्याचे ठळक रंग. लाल आणि हिरवा मात्र त्याला मळकट पिवळट किंवा तपकिरी छटांसारखे, जवळजवळ सारखेच दिसतात. हिरव्या गवतावरचा लाल चेंडू आपल्याला झटकन दिसतो. कुत्र्याला तो हलला तरच सापडतो. त्याच गवतावरचा निळा चेंडू स्थिर असतानाही त्याच्या नजरेत भरतो. व्हिडिओ निवडताना याचा फार उपयोग होतो: निळं आकाश, पिवळी वाळू, समुद्र, पांढरा किंवा काळा प्राणी आणि मागे मोकळी पार्श्वभूमी असेल, तर त्याला आकृती वेगळी कळते.

मग सगळ्यात जास्त आवडतं काय?

प्राणी, आणि त्यातही दुसरे कुत्रे. याबाबत जे अभ्यास झाले ते सगळे याच दिशेला जातात. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या पशुनेत्रतज्ज्ञांनी १,२४६ कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती गोळा केली आणि २०२४ साली ती प्रसिद्ध केली. प्राण्यांच्या चित्रफिती सर्वाधिक लक्ष वेधतात आणि त्यात कुत्रे आघाडीवर आहेत, असं त्यातून दिसलं. अमेरिकेतल्याच ऑबर्न विद्यापीठाचा ४५३ कुत्र्यांवरचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले २०६ कुत्रे टीव्हीवरच्या भुंकण्याला किंवा विव्हळण्याला ‘दर वेळी’ प्रतिसाद देणारे होते, म्हणजे जवळजवळ निम्मे.

स्क्रीनवरचा कुत्रा हा ‘कुत्रा’ आहे हे त्यांना नुसत्या चित्रावरूनही कळतं. फ्रान्समध्ये २०१३ साली नऊ कुत्र्यांना संगणकाच्या पडद्यावर दोन-दोन चेहरे दाखवले. एक कुत्र्याचा, दुसरा भलत्याच प्राण्याचा. वास नाही, आवाज नाही, हालचाल नाही. जाती इतक्या वेगवेगळ्या असूनही नऊच्या नऊ जणांनी कुत्र्यांचे चेहरे एका गटात टाकले.

दुसरा क्रमांक हालचालीचा. पडद्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पळणारी गोष्ट, मग ती खार असो, घोडा असो, पक्षी असो की चेंडू, बसलेल्या किंवा उभ्या गोष्टीपेक्षा कितीतरी जास्त लक्ष ओढते. कुत्र्याच्या डोळ्यात अंधुक उजेड आणि हालचाल टिपणाऱ्या पेशींची रेलचेल असते. बारकावे टिपणारी यंत्रणा तुलनेने कमी. त्यामुळे स्थिर ससा त्याच्यासाठी एक ठिपका असतो. तोच ससा उडी मारतो, तेव्हा तो ‘ससा’ होतो.

माणसं, कार्टून, क्रिकेट-फुटबॉल यांचं काय?

माणसं बोलत बसलेली असतील तर फारसा रस नसतो. चेंडूच्या खेळात चेंडू बघतात, आणि तोही कॅमेरा जवळ असेल तरच. मैदानाच्या दूरच्या टोकावरून घेतलेल्या दृश्यातला चेंडू त्यांच्या डोळ्याला सापडतच नाही. कार्टूनमध्ये काहींना रस असतो, कारण रंग सपाट, कडा ठळक आणि हालचाल मोठी असते.

त्याला गोष्ट कळते का?

नाही. घडणारी क्रिया कळते. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ साली दोन प्रशिक्षित कुत्र्यांना मेंदूचं स्कॅन करणाऱ्या यंत्रात शांत पडून व्हिडिओ बघायला लावले, प्रत्येकी एकूण ९० मिनिटं. ‘पडद्यावर काय आहे’ यापेक्षा ‘पडद्यावर काय चाललंय’, म्हणजे हुंगणं, खाणं, खेळणं, याची खूण त्यांच्या मेंदूत जास्त स्पष्ट सापडली. माणसांच्या मेंदूत दोन्ही सापडलं. कुत्रे दोनच होते, त्यामुळे यावर फार मोठा इमला बांधू नये. पण घरातल्या अनुभवाशी हे जुळतं.

म्हणून कुत्र्यासाठी चांगला व्हिडिओ म्हणजे लांब, न कापलेली दृश्यं. चित्रपटात दर काही सेकंदांनी कॅमेरा बदलतो. डावीकडून पळणारं हरिण अचानक उजवीकडे, दुप्पट आकाराचं दिसतं. आपण ती सांधणी लहानपणापासून शिकलेलो असतो. कुत्र्यासाठी मात्र एक हरिण गायब झालं आणि दुसरं उगवलं.

टीव्हीच्या मागे जाऊन हुंगतो. का?

कडेपर्यंत गेलेला प्राणी पुढे कुठे गेला ते शोधतो. कुत्र्याच्या जगात गोष्टी कडेला पोहोचून नाहीशा होत नाहीत, त्या कशाच्या तरी आड जातात. तिथे वास नाही, कुणी नाही, असं दोन-चार वेळा तपासून झालं की बहुतेक जण नाद सोडतात. ऑबर्नच्या अभ्यासात असा पाठलाग उत्साही, चटकन उत्तेजित होणाऱ्या कुत्र्यांत जास्त दिसला. तोवर टीव्हीमागच्या वायरी झाकून घ्या. शेपटीने आणि खांद्याने प्लग ओढले जातात.

चित्र महत्त्वाचं की आवाज?

सुरुवातीला आवाज. बहुतेक कुत्रे झोपेतून उठतात ते कानामुळे, मग मान वळते आणि त्यानंतर नजर. आवाज बंद करून तोच व्हिडिओ लावून बघा, कितीतरी कुत्रे डोकंही वर करणार नाहीत.

आवाजातून त्यांना किती कळतं, हे बुडापेस्टच्या एटवॉश लोरांड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० साली दोन प्रयोगांतून दाखवलं. एकात हाडाजवळ लपवलेल्या स्पीकरमधून वेगवेगळी गुरगुर ऐकवली. ‘हे माझं खाणं आहे’ अशा वेळी केलेली खरी गुरगुर ऐकली की कुत्रे हाड सोडून मागे सरत. खेळातल्या गुरगुरीला किंवा अनोळखी माणसावर केलेल्या गुरगुरीला तितके बधत नसत. दुसऱ्या प्रयोगात पडद्यावर एकाच कुत्र्याची लहान आणि मोठी अशी दोन चित्रं होती आणि गुरगुर ऐकवली जात होती. ऐकणारे कुत्रे गुरगुरीतून जाणवणाऱ्या आकाराशी जुळणाऱ्या चित्राकडे बघत. म्हणजे तुमच्या टीव्हीवर एखाद्या दृश्यात कुत्रा चिडून गुरगुरत असेल, तर ती धमकी घरातल्या कुत्र्यापर्यंत जशीच्या तशी पोहोचते. कार्यक्रम निवडताना चित्राआधी आवाज तपासा. भांडणारे, केकाटणारे, दुखावलेले कुत्रे असलेले व्हिडिओ ‘कुत्र्यांचे व्हिडिओ’ म्हणून लावून ठेवू नका.

एक तांत्रिक गोष्टही लक्षात असू द्या. कुत्र्याला साधारण ४५ हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, माणसाला फार तर २० हजारपर्यंत. टीव्ही आणि ऑनलाइन व्हिडिओचा आवाज माणसाच्या कानासाठी साठवलेला असतो आणि बऱ्याचदा १६ हजार हर्ट्झच्या वरचा भाग जागा वाचवण्यासाठी कापून टाकलेला असतो. उंदराची चिरचिर किंवा पानांची सळसळ टीव्हीवरून येते तेव्हा तिचा वरचा थर गेलेला असतो. काही कुत्रे खऱ्या आवाजावर उठतात आणि रेकॉर्डिंगवर उठत नाहीत, त्याचं हे एक कारण.

आमचा कुत्रा टीव्हीकडे बघतच नाही. काही बिघडलंय का?

नाही. कित्येकांसाठी ज्या गोष्टीला वास नाही ती गोष्टच नाही. बघणारे कुत्रेसुद्धा सलग बघत नाहीत, काही सेकंद बघतात, मान वळवतात, परत बघतात. एका आश्रयगृहातल्या ५० कुत्र्यांवर २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात टीव्ही समोर असूनही त्यांनी त्याकडे बघण्यात एकूण वेळाच्या फक्त १०.८ टक्के वेळ घालवला, आणि दिवस जातील तसा रस कमी होत गेला. न बघणाऱ्या कुत्र्याला हनुवटी धरून बघायला लावू नका. त्याचा वेळ बाहेर हुंगण्यात चांगला जातो.

कुठल्या जाती जास्त बघतात?

जातीवरून ठरवू नका. ऑबर्नच्या अभ्यासात वय, लिंग, जात यांपेक्षा स्वभाव महत्त्वाचा ठरला. भित्रे, चिंताळू कुत्रे प्राण्यांशिवायच्या आवाजांना, म्हणजे हॉर्न, दारावरची बेल, यांना जास्त दचकत होते. उत्साही कुत्रे पडद्यावर हलणाऱ्या गोष्टीमागे जात होते.

तरी नाकाच्या लांबीचा थोडा संबंध आहे. लांब नाकाच्या कुत्र्यांच्या डोळ्यात संवेदनशील पेशींचा आडवा पट्टा असतो, त्यामुळे क्षितिजावर पळणारं काहीही ते चटकन टिपतात. चपट्या चेहऱ्याच्या कुत्र्यांत त्या पेशी मध्यभागी एकवटलेल्या असतात, काहीशा आपल्यासारख्या.

टीव्ही कुठे आणि किती अंतरावर असावा? सेटिंग काय ठेवायचं?

कुत्र्याची नजर आपल्या तुलनेत अंधुक असते. नेत्रतपासणीच्या भाषेत साधारण २०/७५. जे निरोगी डोळ्याच्या माणसाला ७५ फुटांवरून दिसतं, ते त्याला २० फुटांवर आल्यावर दिसतं. थोडक्यात, तुमच्या अंतराच्या जवळजवळ पाव. तुम्ही तीन मीटरवर बसून जे बारकावे बघता, ते बघायला त्याला ८० सेंटीमीटरवर यावं लागेल. म्हणूनच तो पडद्याच्या पुढ्यात जाऊन बसतो, आणि त्याला मागे ओढण्याचं काही कारण नाही.

पण फार जवळही चालत नाही. ३० ते ५० सेंटीमीटरच्या आत त्याच्या डोळ्याला फोकस साधत नाही. नाकासमोर धरलेला फोन त्याला धूसर दिसतो. लहान टॅबलेट असेल तर ६० सेंटीमीटरच्या आसपास ठेवा. मोठ्या टीव्हीसमोर, ४० इंचांच्या पुढे, त्याची गादी एक ते दीड मीटरवर टाका.

उंची: पडद्याचा मध्य त्याच्या बसलेल्या डोळ्यांच्या पातळीजवळ असेल तर उत्तम. माणसांच्या सोयीने भिंतीवर दीड मीटर उंच टांगलेला टीव्ही लहान कुत्र्याला नुसता वरचा उजेड वाटतो. मात्र खाली ठेवला की तो पाडण्याची शक्यता वाढते. झेप घेणारा कुत्रा असेल तर टीव्ही भिंतीला पट्टीने किंवा ब्रॅकेटने पक्का बांधलाच पाहिजे. आजचे पातळ पॅनल पंजाच्या एका फटक्याने आतून तडकतात. काच शाबूत दिसते, पण चित्रावर रेघांचं जाळं उमटतं आणि असं पॅनल दुरुस्त होत नाही, बदलावंच लागतं.

सेटिंगमध्ये या गोष्टी बघा:

१. व्हिडिओचा वेग. सेकंदाला २४ किंवा २५ चित्रांचा व्हिडिओ त्याला धक्क्याधक्क्याने सरकताना दिसतो. ऑनलाइन व्हिडिओच्या गुणवत्तेच्या यादीत आकड्यापुढे ‘६०’ लिहिलेला पर्याय निवडा. रिझोल्युशन कमी असलं तरी चालेल, वेग जास्त हवा. ४के चित्रातले बारकावे त्याला तसेही दिसत नाहीत.

२. टीव्हीत ‘मोशन स्मूदिंग’ची, म्हणजे मधली चित्रं भरून हालचाल सलग दाखवण्याची, सोय असेल तर ती त्याच्या वेळेत चालू करा. चित्रपट बघताना आपल्याला ती खटकते, त्याच्यासाठी उपयोगी पडू शकते.

३. रंगांचं तापमान ‘थंड’, म्हणजे निळसर, कॉन्ट्रास्ट थोडा जास्त.

४. आवाज आपण शेजारी बसून बोलतो तेवढाच, त्याहून कमी असला तरी चालेल. सुरू करताना शून्यावरून हळूहळू वाढवा.

५. जाहिराती बंद किंवा वगळलेल्या. जाहिराती मुद्दाम दणदणीत असतात आणि त्यात दारावरची बेल हमखास वाजते.

फक्त कुत्र्यांसाठीची वाहिनी असते म्हणे. तिचा उपयोग होतो का?

डॉगटीव्ही ही अशी वाहिनी २०१२ मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोत सुरू झाली. त्यांचे कार्यक्रम तीन प्रकारचे असतात: शांत करणारे, चेतवणारे आणि रोजच्या आवाजांची सवय लावणारे. रंग निळ्या-पिवळ्याकडे झुकवलेले, अचानक मोठे होणारे आवाज टाळलेले. मांडणी विचारपूर्वक केलेली आहे. पण वरचे मुद्दे सांभाळून निवडलेला, प्राण्यांचा कुठलाही सलग व्हिडिओ तेच काम करतो. व्हिडिओ बदलत राहणं मात्र गरजेचं. तीच फीत रोज लावली की चौथ्या-पाचव्या दिवशी ती त्याच्यासाठी भिंत होते.

संगीताचंही तसंच. ग्लासगो विद्यापीठ आणि स्कॉटलंडमधल्या प्राणी-संस्थेने २०१७ साली पाच प्रकारचं संगीत ऐकवून बघितलं. सॉफ्ट रॉक आणि रेगे ऐकताना कुत्रे सर्वांत निवांत होते. पण एकाच प्रकाराचा त्यांच्यावरचा परिणाम टिकत नाही, बदल लागतो.

दिवसातून किती वेळ?

सुरुवातीला पाच मिनिटं, तुम्ही शेजारी बसून. त्रास दिसला नाही तर १५-२० मिनिटांच्या एक-दोन बैठका. फिरणं, हुंगणं, चघळणं आणि तुमच्याशी खेळणं झाल्यावर. त्यातला एकही वेळ कापून टीव्हीला देऊ नका.

त्याला मजा येतेय की तो तणावात आहे, कसं ओळखू?

टीव्ही सोडा, कुत्र्याकडे बघा. टीव्हीवर कुत्रा भुंकला त्या क्षणाकडे नीट लक्ष द्या. आधी कान पुढे येतात, मग तोंड बंद होतं. इथून दोन वाटा फुटतात. मजा येत असेल तर काही सेकंदांत तोंड पुन्हा सैल उघडतं, मान एका बाजूला कलते, शेपूट कमरेच्या पातळीवर सैलपणे हलते आणि तो मधेच तुमच्याकडे बघून घेतो. तणाव असेल तर तोंड बंदच राहतं आणि ओठांचे कोपरे पुढे ओढले जातात. पुढच्या पायांवर भार येतो, मानेपासून शेपटीपर्यंतचे केस उभे राहू लागतात, शेपूट ताठ वर जाते किंवा पोटाखाली. डोळ्याच्या कडेला पांढरी कोर दिसते. काही न खाता ओठ चाटणं, झोप आलेली नसताना जांभई, सगळं अंग झाडणं, हीही ताणाचीच चिन्हं.

एक सोपी परीक्षा: त्याला नावाने हळूच हाक मारा. वळून बघितलं तर ठीक. दोन हाकांनंतरही मान वळली नाही तर तो आनंदाने रमलेला नसतो, अडकलेला असतो. लगेच आवाज कमी करा आणि त्याला दुसऱ्या खोलीत न्या.

टीव्हीवर प्राणी दिसला की भुंकतो, झेप घेतो. हे कसं थांबवायचं?

ओरडून थांबत नाही. तुम्ही ओरडलात की त्याच्या लेखी तुम्हीही त्याच्यासोबत भुंकताय. शिवाय भुंकल्यावर प्राणी पडद्यावरून निघून जातोच, दृश्य बदलतं म्हणून. कुत्र्याला मात्र वाटतं, आपण हाकललं. प्रत्येक कार्यक्रमात अशी डझनभर बक्षिसं मिळतात, म्हणून ही सवय आपोआप वाढते.

शिकवण्यासाठी एकच व्हिडिओ निवडा, ज्यावर तो हमखास उठतो. खाऊ मऊ आणि मटाराच्या दाण्याएवढा, ३०-४० तुकडे. दिवसभरातला सगळा खाऊ मिळून त्याच्या एकूण अन्नाच्या दहा टक्क्यांच्या आत बसला पाहिजे, तेवढं जेवण कमी करा. साधा पट्टा लावा, ओढायला नाही, झेप अडवायला.

पहिली पायरी: व्हिडिओ थांबवलेला, आवाज बंद. त्याने पडद्याकडे बघितलं की ‘छान’ किंवा ठरवलेला कुठलाही एक शब्द म्हणा आणि लगेच तुकडा द्या, पडद्यापासून दूर, तुमच्या मांडीजवळ. असं दहा वेळा.

दुसरी पायरी: व्हिडिओ चालू, आवाज बंदच, कुत्रा खोलीच्या दुसऱ्या टोकाला. प्राणी दिसला, त्याने बघितलं, शब्द, तुकडा. शब्द भुंकण्याच्या आधी यायला हवा. कान पुढे आले आणि तोंड बंद झालं, तोच तुमचा क्षण. भुंकलाच तर रागवू नका. तुम्ही फार जवळ आहात किंवा फार घाई केली आहे. अंतर वाढवा.

तिसरी पायरी: तो प्राण्याकडे बघून आपणहून तुमच्याकडे वळू लागला की शब्द आता वळण्यावर म्हणा, बघण्यावर नको. अख्ख्या शिकवण्यात हा टप्पा सगळ्यात मोलाचा. इथे पोहोचायला कुणाला तीन दिवस लागतात, कुणाला तीन आठवडे.

चौथी पायरी: आवाज एकेक अंक वाढवा. नंतर अंतर अर्ध्या मीटरने कमी करा. एका वेळी दोन्ही बदलू नका. बहुतेक घरांत गाडी इथेच अडते: आवाजही वाढवला, कुत्राही जवळ आणला, आणि मग कशामुळे बिथरला ते कळत नाही.

एक बैठक पाच मिनिटांची, दिवसातून दोनदा. शिकवणं चालू असेपर्यंत इतर वेळी त्याच्यासमोर प्राण्यांचे कार्यक्रम लावू नका. नाहीतर सकाळी शिकवलेलं संध्याकाळी पुसलं जातं.

टीव्हीवरची बेल वाजली की दाराकडे धावतो.

मालिकेतली बेल आणि घरातली बेल त्याला सारखीच वाटते. सोपा उपाय: घरातल्या बेलचा सूर बदला, अगदी वेगळा काहीतरी ठेवा. जुन्या सुरावर दार कधीच उघडलं जात नाही हे त्याला महिन्याभरात कळतं.

बाहेर जाताना त्याच्यासाठी टीव्ही चालू ठेवू का?

रस्त्यावरचे आणि जिन्यातले आवाज झाकायला हलका, सलग आवाज उपयोगी पडतो. त्यासाठी प्राण्यांचा व्हिडिओ नको, शांत बोलणं किंवा संगीत पुरे. मात्र तुम्ही घरात असतानाही अधूनमधून तेच लावत जा. फक्त निघतानाच टीव्ही लागत असेल तर टीव्ही लागणं हीच ‘आता सगळे जाणार’ याची खूण होते आणि घाबरणारा कुत्रा त्या आवाजानेच धापा टाकू लागतो.

जो कुत्रा एकटं राहण्यानेच कोसळतो, त्याला टीव्ही आधार देत नाही. तुम्ही गेल्यापासून अर्ध्या तासाचं रेकॉर्डिंग फोनवर करून बघा. दार खरवडणं, सतत विव्हळणं, जमिनीवर लाळेचं थारोळं, आवडता खाऊही न शिवणं, हे दिसलं तर पशुवैद्याशी आणि वर्तनाच्या जाणकाराशी बोला. टीव्हीचा आवाज वाढवून ते ऐकू येईनासं होईल, एवढंच.

पिल्लाला टीव्ही दाखवावा का?

थोडा दाखवावा. तीन आठवड्यांपासून साधारण बारा-चौदा आठवड्यांपर्यंतच्या काळात पिल्लू जे ऐकतं-बघतं ते त्याला पुढे साधं वाटतं. रहदारी, लहान मुलांचा गलका, व्हॅक्यूम क्लीनर, ढगांचा गडगडाट यांची रेकॉर्डिंग अगदी हळू आवाजात, जेवण किंवा खेळ चालू असताना लावा. पिल्लू खायचं थांबलं तर आवाज जास्त झाला. दोन अंक खाली या. खऱ्या माणसांना आणि खऱ्या कुत्र्यांना भेटण्याची जागा पडदा घेऊ शकत नाही.

फटाक्यांची भीती अशा रेकॉर्डिंगने जाते का?

मोठ्या कुत्र्यात काही प्रमाणात, आणि आवाजाचा हंगाम नसतानाच काही आठवडे आधी सुरू केलं तर. टीव्हीचे स्पीकर खालचा धक्का, जमिनीतून जाणवणारा, देऊ शकत नाहीत. म्हणून रेकॉर्डिंगला सरावलेला कुत्रा खऱ्या आवाजाला घाबरला तर शिकवणं फुकट गेलं असं समजू नका. थरथर, लपणं, घरात घाण करणं इथपर्यंत भीती असेल तर औषधं मिळतात, पशुवैद्याला विचारा.

व्हिडिओ कॉलवर तो मला ओळखतो का?

आवाज नक्की ओळखीचा वाटतो. जपानमधल्या २००७ सालच्या प्रयोगात कुत्र्यांना मालकाचा आवाज ऐकवून पडद्यावर परक्याचा चेहरा दाखवला तेव्हा ते जास्त वेळ टक लावून बघत राहिले. आवाज ऐकताच त्यांच्या मनात चेहरा तयार झाला होता. पण तुमचा आवाज येतो आणि तुम्ही सापडत नाही, याने काही कुत्रे घरभर शोधत फिरतात. तुमचा तसा असेल तर कॉल करू नका.

कुत्र्यांसाठीचे फोनवरचे खेळ, पळणारे ठिपके?

टाळा. पळणारा प्रकाशाचा ठिपका कधीच तोंडात सापडत नाही. पाठलागाचा शेवट न झाल्याने काही कुत्रे नंतर भिंतीवरच्या सावल्या आणि घड्याळाचे कवडसेही शोधू लागतात. हा छंद लागला की सुटणं फार अवघड असतं. तोच वेळ दोरी ओढण्यात किंवा खाऊ लपवून शोधायला लावण्यात घालवा.

टीव्ही बघून त्याचे डोळे बिघडतील का?

नाही.

म्हातारा कुत्रा आधी टीव्ही बघायचा, आता बघत नाही. किंवा बंद टीव्हीकडेच बघत बसतो.

दोन्हीची नोंद घ्या. रस हळूहळू आटला तर नजर किंवा ऐकणं कमी होत असेल. घरी ताडून बघता येतं: तो तुमच्याकडे बघत नसताना मागून कापसाचा बोळा त्याच्या शेजारी टाका, नजरेच्या कक्षेत पडताना त्याने मान वळवली का बघा. कापूस, कारण त्याला आवाज नाही. मग तो झोपलेला असताना दुसऱ्या खोलीतून खाऊच्या डब्याचं झाकण उघडा. डोळ्यात दुधी-निळसर झाक दिसली तर ती मोतीबिंदूच असेल असं नाही, वयोमानाने भिंग घट्ट होतं तेव्हाही तसं दिसतं. फरक पशुवैद्य तपासून सांगतो.

बंद पडद्याकडे किंवा भिंतीकडे टक लावून बसणं, कोपऱ्यात अडकणं, रात्री येरझाऱ्या घालणं, दाराच्या बिजागरीच्या बाजूला उभं राहणं, ओळखीच्या माणसाला उशिरा ओळखणं, ही मेंदूच्या म्हातारपणाची लक्षणं असू शकतात. तारखेसह लिहून ठेवा, जमलं तर फोनवर एक-दोन मिनिटांचा व्हिडिओ घ्या आणि तो पशुवैद्याला दाखवा. दवाखान्यातल्या टेबलावर कुत्रा यातलं काहीच करून दाखवत नाही.